मनाची गोळी, पायाची आग : प्रस्तावना

साखरेचा पेशंट पायांबद्दल बोलायला लागला की त्याची भाषा बदलते. एरवी "बरं हाय", "चाललंय" यापलीकडे न जाणारा माणूस एकदम नेमकं बोलू लागतो. "पाय भगभगत्यात." "तळपायाला चटणी चोळल्यागत होतंय." "मुंग्या हायत, पण चावणाऱ्या." "जमीन जमीन वाटंना, कापसावर चालतोय जणू." करवीर, शिरोळ, कागल, राधानगरीकडून माझ्याकडे येणाऱ्या माणसांनी हे शब्द मला दिले. पाठ्यपुस्तकात या दुखण्याच्या वर्णनाला चार-पाच शब्द आहेत. आमच्या बाकड्यावर बसलेल्या बायकांकडे वीस तरी निघतील. भगभग, चुणचुण, झिणझिण्या, ठणका, करंट बसल्यासारखं होणं, पायाला चादर लागली तरी सहन न होणं. यांतलं काहीही दोन्ही पायांत सारखं असेल, बोटांपासून सुरू होऊन हळूहळू वर चढत असेल आणि रात्री वाढत असेल, तर निम्मं निदान पेशंटच्या तोंडूनच झालेलं असतं.

ही पुस्तिका त्या दुखण्याबद्दल आहे, आणि त्यावर दिल्या जाणाऱ्या एका औषधगटाबद्दल. ही औषधं मुळात नैराश्यासाठी, म्हणजे आपण ज्याला सर्रास डिप्रेशन म्हणतो त्यासाठी वापरात आली. पायाच्या आगीवर ती का चालतात, कुणाला चालतात, कुणाला देऊ नयेत, आणि ती घेताना घरच्यांनी काय बघायचं, हे पुढच्या प्रकरणांत आलं आहे. प्रस्तावनेत मला त्याआधीची गोष्ट सांगायची आहे. या औषधांचं नाव आणि त्यांचं काम यांत जे अंतर पडलं आहे, त्यात माणसं अडकून पडतात. मी ती अडकलेली पाहिली आहेत. त्यांतल्या एकाला तर मीच अडकवलं.

ज्या घरात असा माणूस आहे त्या घरची रात्र वेगळी असते. दिवसभर कामाच्या नादात दुखणं मागे पडलेलं असतं. दिवे मालवले की ते पुढे येतं. माणूस पांघरूण लाथाडतो, उठतो, शहाबादी फरशीवर तळवे टेकून बसतो. ओला पंचा गुंडाळतो. थोडा वेळ बरं वाटतं, मग पुन्हा सुरू. शेवटी बायको उठते, काशाची वाटी काढते, तळव्याला तूप नाहीतर खोबरेल लावते आणि वाटीने घासायला लागते. तळवा काळा होतो, आणि "बघा, किती उष्णता निघाली" असं म्हणत ती हात धुते. तो काळा रंग काशाचा आणि तुपाचा असतो, अंगातल्या उष्णतेचा नव्हे. पण त्या अर्ध्या तासात आराम पडतो, हे मी कधीच नाकारलेलं नाही. वेदनेच्या वाटेवर एक दार असतं आणि स्पर्शाची जाणीव ते काही अंशी लोटून घेऊ शकते, असा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडला. आमच्या आज्यांना तो सिद्धांत माहीत नव्हता, वाटी माहीत होती. वाटी थांबली की दार पुन्हा उघडतं, एवढीच त्या उपायाची मर्यादा.

हे दुखणं आजचं नाही. चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वलक्षणं सांगताना हातापायांची सुन्नता आणि दाह या दोन्हींचा उल्लेख आहे. एकाच पायात सुन्नपणाही असतो आणि आगही असते, हे तेव्हाच्या वैद्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. आजच्या पेशंटला मात्र हे कोडं वाटतं. ज्या पायाला टाचणी टोचलेली कळत नाही, तो पाय दुखतो कसा?

इथे आपल्या भाषेतला एक शब्द घोटाळा करतो. ‘नस’ म्हणताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. त्यामुळे "नसांचं दुखणं आहे" असं सांगितलं की पेशंटच्या डोळ्यांसमोर तुंबलेली रक्तवाहिनी येते. मग तो नस मोकळी करणारं इंजेक्शन मागतो, रक्त पातळ होण्याची गोळी मागतो, कुणीतरी सांगितलेल्या मालिशवाल्याकडे जातो. पायाचा रक्तपुरवठा तपासायलाच हवा, कारण मधुमेहात तोही बिघडतो. पण आग होते ती बहुतेक वेळा मज्जातंतूंमुळे. शरीरातले सगळ्यात लांब तंतू पायांच्या बोटांना जातात. तंतूच्या पेशीचं घर कमरेच्या कण्यापाशी आणि टोक अंगठ्यात, मध्ये जवळपास एक मीटरचं अंतर. कालव्याच्या टेलला असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वर कुठेही काही बिघडलं की पहिली झळ टेलला बसते. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने तंतूचं पोषण बिघडतं आणि टोकाचा भाग आधी कोमेजतो. कोमेजलेला तंतू बाहेरची बातमी नीट नेत नाही, म्हणून सुन्नपणा. आणि बाहेर काही घडलेलं नसताना तो स्वतःच खोटी बातमी पाठवत राहतो, म्हणून आग.

आपल्या देशात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर गेल्याचं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून 2023 साली पुढे आलं. सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात निघालं, शंभरातली सव्वीसहून अधिक प्रौढ माणसं. मधुमेह बरीच वर्षं राहिला तर निम्म्या लोकांच्या मज्जातंतूंवर थोडाफार परिणाम होतो. सगळ्यांचे पाय दुखत नाहीत, पण ज्यांचे दुखतात त्यांची संख्या लहान नाही. कोल्हापूर हा गुळाचा आणि उसाचा मुलूख, तालमीत घुमलेल्या आणि वय झाल्यावर खुराक तेवढाच ठेवून व्यायाम सोडलेल्या माणसांचाही मुलूख. आमच्या पेठांत आणि गावांत हे दुखणं कुठल्याच घरापासून फार लांब नाही.

आता ज्यांना मी अडकवलं त्या आबांबद्दल. शिरोळ तालुक्यातले ऊस बागायतदार, वय सत्तरच्या आसपास, मधुमेह पंधरा वर्षांचा. मध्यवर्ती बसस्थानकापासून शाहूपुरीतल्या माझ्या दवाखान्यापर्यंत चालत आले तेव्हा एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायात नव्हती. त्यांना ते खोलीत आल्यावर कळलं. कोल्हापुरी चप्पल अंगठ्याने धरून ठेवायची असते. अंगठ्याला जाण नसेल तर पकड सुटते आणि चप्पल रस्त्यात राहून जाते. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो, "चालताना चप्पल निसटते का? निसटलेली कळते का?" पण त्या दिवशी आबा चपलेसाठी आले नव्हते. तीन महिने रात्रीची झोप नव्हती. गावातल्या एकाकडून ते अंगदुखीच्या गोळ्या घेत होते, दिवसाला दोन-दोन. त्या प्रकारच्या गोळ्या मज्जातंतूच्या आगीवर फारशा चालत नाहीत आणि मधुमेहात आधीच नाजूक झालेल्या मूत्रपिंडांना त्रास देतात. त्या मी बंद केल्या. तपासण्या केल्या, आणि रात्रीसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिनची दहा मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. बाहेर गर्दी होती. गोळी कशाची, हे मी सांगितलं नाही.

घरी नातवाने मोबाईलवर नाव टाकून बघितलं. उत्तर आलं, ‘डिप्रेशनचं औषध’. आबांनी गोळ्या परड्यात फेकल्या. दोन महिन्यांनी मुलगा जबरदस्तीने घेऊन आला तेव्हा ते माझ्याकडे बघतही नव्हते. "आग पायात हाय आणि गोळी डोक्याची? मला काय येड लागलंय व्हय?" मी समजावलं. शांतपणे ऐकून घेतल्यावर ते जे बोलले ते माझ्या मनातून गेलेलं नाही. "इतकं साधं सांगाय काय झालतं?"

दोन महिने, म्हणजे साठ रात्री. त्या रात्रींचं देणं माझ्याकडे आहे, आणि ही पुस्तिका लिहायला मी त्यामुळेच बसलो.

आबांना जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर सांगतो.

औषधाला नाव मिळतं ते ते पहिल्यांदा कशासाठी उपयोगी पडलं त्यावरून. पुढे त्याची दुसरी कामं सापडतात, पण पहिलं नाव चिकटून राहतं. 1950च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेन इथल्या मनोरुग्णालयात रोलंड कून हे डॉक्टर गायगी कंपनीचं एक नवं रसायन स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन बघत होते. त्या आजारावर ते काही चाललं नाही, पण नैराश्याने खचलेली माणसं त्याने सावरू लागली. कून यांनी 1957 साली ते जाहीर केलं. त्या रसायनाचं नाव इमिप्रमिन. नैराश्यावरच्या आधुनिक औषधांच्या पहिल्या पिढीतलं हे औषध, आणि त्याचं हे कामही शोधायला न जाता सापडलेलं. पुढच्या तीनच वर्षांत, 1960 साली, पाओली, दारकूर आणि कोसा या फ्रेंच डॉक्टरांनी हेच औषध दुखण्यावर वापरून पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. इमिप्रमिनचं भावंड असलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन अमेरिकेत 1961 साली बाजारात आलं. म्हणजे ही औषधं मनासाठी जितकी जुनी, जवळपास तितकीच दुखण्यासाठीही जुनी आहेत. 1977 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मधुमेहाच्या पायदुखीवर अ‍ॅमिट्रिप्टिलिन दुसऱ्या एका औषधाच्या जोडीने दिल्याचे अनुभव छापून आले.

तरी एक शंका उरतेच, आणि ती रास्त आहे. दुखण्याने माणूस खचतो, औषधाने त्याचं मन सावरतं, आणि मन सावरलं म्हणून दुखणं कमी वाटतं, असं तर होत नसेल? आबांचा राग नेमका इथे होता. आपलं दुखणं मनाचं ठरवलं जातंय, असं त्यांना वाटलं.

या शंकेचं उत्तर मिचेल मॅक्स या अमेरिकन संशोधकाने फार सुंदर रीतीने शोधलं. 1987 साली त्यांनी मधुमेहाची पायदुखी असलेल्या 29 जणांवर अ‍ॅमिट्रिप्टिलिनचा अभ्यास केला. त्यांत काही जण उदास होते, काहींची मनःस्थिती चांगली होती. आराम दोघांनाही पडला. ज्यांना नैराश्य नव्हतंच, त्यांचंही दुखणं कमी झालं. पुढे 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांचा दुसरा अभ्यास आला. त्यात अ‍ॅमिट्रिप्टिलिनची तुलना त्याच गटातल्या डेसिप्रमिनशी केली होती, आणि वेगळ्या गटात फ्लुऑक्सेटिनची तुलना औषध नसलेल्या नुसत्या दिसायला तशाच गोळीशी. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने शंभरातल्या 74 जणांना बऱ्यापैकी किंवा त्याहून जास्त आराम दिला, डेसिप्रमिनने 61 जणांना. फ्लुऑक्सेटिनचा आकडा 48 आणि रिकाम्या गोळीचा 41. त्या दोघांतला फरक मोजण्यासारखा ठरला नाही.

या आकड्यांपाशी मी पेशंटला थांबवतो. फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं चांगलं औषध आहे, जगभर वापरलं जातं. मन सावरल्यामुळेच पायाची आग विझत असती, तर फ्लुऑक्सेटिननेही ती विझायला हवी होती. तसं झालं नाही. म्हणजे या गोळ्या पायदुखीवर काम करतात ते वेगळ्या वाटेने. आणखी एक खूण आहे. नैराश्यासाठी याच गोळीचा डोस कितीतरी मोठा लागतो आणि गुण यायला कित्येक आठवडे जातात. दुखण्यासाठी दहा-पंचवीस मिलिग्रॅमपासून सुरुवात होते आणि बऱ्याच जणांना एक-दोन आठवड्यांत फरक जाणवू लागतो. रिकाम्या गोळीनेही एक्केचाळीस जणांना बरं वाटलं, हा आकडा मी कुणापासून लपवत नाही. कुणीतरी लक्ष देऊन ऐकतंय, औषध देतंय, पुन्हा बोलावतंय, यानेही दुखणं हलकं होतं. त्यात पेशंटचा खोटेपणा नसतो.

ती वेगळी वाट कोणती, हे सांगायला मला आपल्याच नद्यांची मदत होते. कोल्हापुरी बंधारा इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. दगडी खांब, खांबांना खाचा, आणि पाऊस सरला की त्या खाचांत एकावर एक सरकवलेले बरगे. बरगे घातले की पाणी अडतं, काढले की वाहून जातं. पायाकडून येणारी दुखण्याची बातमी मेंदूकडे जाण्याआधी पाठीच्या कण्यात अशाच एका बंधाऱ्यापाशी येते. आणि मेंदूकडून खाली उतरणारे काही तंतू तिथे बरगे घालायचं काम करतात. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन ही रसायनं म्हणजे ते बरगे. लढाईत जखमी झालेल्या माणसाला कधी कधी त्या क्षणी दुखत नाही, त्यात या बरग्यांचाही वाटा असतो. एरवी काम झालं की पेशी ही रसायनं पुन्हा आत ओढून घेते, म्हणजे बरगे काढून नेते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन ही औषधं ती ओढून नेण्याची वाट अडवतात. बरगे जास्त वेळ जागेवर राहतात, आणि पाणी अडतं. यात नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा वाटा मोठा दिसतो. फ्लुऑक्सेटिन मुख्यतः सेरोटोनिनवर काम करतं, ते कमी का पडलं याचा उलगडा बराचसा इथे होतो.

बंधाऱ्याची उपमा मला आणखी एका कारणाने आवडते. बरगे कितीही नीट बसवले तरी फटींतून पाणी झिरपतंच. आणि वर नदीला येणारं पाणी बंधाऱ्याने कमी होत नाही. ही गोळी मज्जातंतू दुरुस्त करत नाही. पायाची आग शून्यावर आणेन असं वचन कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. आग निम्मी झाली आणि रात्री पाच तास झोप लागली तर आम्ही त्याला यश म्हणतो. तेही सगळ्यांना मिळत नाही. 2015 साली लॅन्सेट न्यूरॉलॉजीमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या गटातली औषधं साधारण चार जणांना दिली की त्यांतल्या एकाचं दुखणं निव्वळ औषधामुळे निम्म्याने उतरतं. ड्युलॉक्सेटिनच्या गटात त्यासाठी सहा-सात जणांना द्यावं लागतं. हे आकडे ऐकून निराश व्हायचं कारण नाही. एकाने गुण आला नाही तर दुसरं, नाहीतर दोन्ही मिळून, असा रस्ता पुढे असतो. शेफील्डच्या सॉलोमन टेस्फाये यांच्या गटाने ब्रिटनमधल्या 130 जणांवर केलेला अभ्यास 2022 साली लॅन्सेटमध्ये आला. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन आणि वेगळ्या गटातलं प्रीगॅबलिन यांपैकी कुठल्याही एकाने सुरुवात करून गरज पडेल तसं दुसरं जोडलं, तरी सोळा आठवड्यांनी तिन्ही वाटांनी दुखणं दहापैकी सरासरी 6.6 वरून 3.3 वर आलं. सुरुवात कशाने करायची हे मग त्या माणसाच्या बाकीच्या शरीराकडे बघून ठरवता येतं.

आणि ते बघावंच लागतं. अ‍ॅमिट्रिप्टिलिन स्वस्त आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, झोपही आणतं. पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, वजन वाढू शकतं. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी अडू शकते. काचबिंदूच्या एका प्रकारात ते चालत नाही. हृदयाच्या ठोक्यांत गडबड असेल तर देत नाहीत, म्हणून वयस्कर माणसाचा ईसीजी आधी काढलेला बरा. मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती रात्री लघवीला उठण्याची. मधुमेहाने रक्तदाब सांभाळणारे तंतूही ढिले पडलेले असतात, त्यात ही गोळी. माणूस अंधारात झटकन उभा राहतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मोरीच्या उंबऱ्यावर तो पडतो. आधी उठून बसा, पाय खाली सोडा, शंभरपर्यंत अंक मोजा, मग उभे राहा. हे मी लिहून देतो आणि घरच्यांकडून म्हणवून घेतो. गोळ्यांची पाकिटं नातवंडांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा, कारण ही गोळी एकदम जास्त पोटात गेली तर जिवावर बेतते. ड्युलॉक्सेटिनला अमेरिकेत 2004 साली नैराश्य आणि मधुमेहाची मज्जातंतूंची वेदना या दोन्हींसाठी एकाच वर्षी मान्यता मिळाली. त्याचा नेहमीचा डोस दिवसाला साठ मिलिग्रॅम. सुरुवातीला मळमळतं, म्हणून तीसने सुरू करून जेवणानंतर देतात. यकृत बिघडलेलं असेल, दारू जास्त असेल किंवा मूत्रपिंडं फार अशक्त असतील तर ते टाळतात. यांतली कुठलीही गोळी मनाने सुरू करायची नाही, आणि बरं वाटलं म्हणून एका रात्रीत बंदही करायची नाही. ती हळूहळूच उतरवायची असते.

बाजारातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. आपल्याकडे प्रीगॅबलिन आणि नॉरट्रिप्टिलिन एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास लिहिल्या जातात आणि ‘नसांची गोळी’ म्हणून घेतल्या जातात. नॉरट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचंच औषध आहे. म्हणजे जो माणूस "डिप्रेशनचं औषध मला नको" म्हणून दवाखान्यातून उठून जातो, तोच कदाचित सहा महिने तेच औषध दुसऱ्या नावाने गिळत असतो. मला हे बरोबर वाटत नाही. गोळीत काय आहे हे पेशंटला कळण्याचा हक्क त्याच्या भीतीपेक्षा मोठा आहे. मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-12, हाही असाच सगळ्यांना वाटला जाणारा प्रसाद झाला आहे. ज्याच्या शरीरात बी-12 कमी आहे त्याला तो हवाच. शाकाहारी माणसांत आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी असण्याची शक्यता जास्त, म्हणून रक्त तपासून घ्या. पण बी-12 पुरेसं असताना नुसत्या त्या गोळीने आग विझेल अशी आशा धरू नका.

आबांना समजावताना मी तेव्हा एक वाक्य बोललो होतो, जे आता बोलत नाही. "आबा, हे वेड्याचं औषध नव्हे." ते बाहेर पडले तेव्हा दाराशी एक बाई नंबरची वाट बघत बसल्या होत्या. त्या नैराश्यासाठी गेलं वर्षभर औषध घेत होत्या, आणि त्यांनी ते ऐकलं होतं. एका माणसाची लाज काढून टाकायला मी ती दुसऱ्याच्या ओटीत घातली. नैराश्य हा आजार आहे, आणि मधुमेही माणसाला तो इतरांपेक्षा जास्त वेळा गाठतो. वर्षानुवर्षं झोप नसलेल्या, पायांनी हैराण झालेल्या माणसाच्या मनालाही तो लागला असेल तर त्यात नवल नाही आणि कमीपणाही नाही. म्हणून पायांबद्दल विचारून झालं की मी मनाबद्दलही विचारतो. भजनाला जाता का, शेतावर जावंसं वाटतं का, जगणं नकोसं झालंय का. तसं काही असेल तर त्याचा इलाज वेगळ्या डोसने आणि वेगळ्या लक्षाने करायचा असतो, आणि तोही उघड बोलून.

साखरेबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण त्यावर पुस्तकं भरपूर आहेत. 1993 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की इन्सुलिनवरच्या तरुण मधुमेहींनी साखर काटेकोर ठेवली तर मज्जातंतूंची हानी सुमारे साठ टक्क्यांनी कमी होते. मोठ्या वयात येणाऱ्या मधुमेहात हा फायदा तितका ठळक नाही, पण साखरेकडे दुर्लक्ष केलं तर पुढची हानी थांबत नाही. आणि दुसरी गोष्ट. फार वाढलेली साखर घाईघाईने खाली आणली तर काही जणांची आग काही महिने उलट वाढते. ते झालं तर औषध बाधलं असं समजून सगळं सोडू नका.

पुस्तिकेतलं सगळ्यात लांब प्रकरण पावलांची निगा हे आहे. औषधावरच्या पुस्तिकेत ते इतकं मोठं कशाला, असं एका स्नेही डॉक्टरांनी विचारलं. दुखणं कमी होणं आणि जाणीव परत येणं या दोन गोष्टी एक नाहीत, हे मला त्यांना सांगावं लागलं. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम केलेल्या पॉल ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत कारव्हिलला तीच शिकवण मधुमेहींच्या पायांना लावली. ज्याला दुखत नाही त्याला आपला पाय डोळ्यांनी राखावा लागतो, असं त्या शिकवणीचं सार. मधुमेहींच्या तळव्याला टेकवून जाणीव तपासतात तो दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागाही कारव्हिललाच कुष्ठरुग्णांच्या पायांवर पारखला गेला. आपल्याकडे चैत्रात जोतिबाचा डोंगर अनवाणी चढणारे आणि नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालणारे भाविक कितीतरी आहेत. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण उन्हाने तापलेल्या फरशीवर भाजलेला तळवा ज्यांना घरी येऊन मोज्याला पाणी लागल्यावर कळला, अशी माणसं मी पाहिली आहेत. गरम पाण्याने पाय शेकून फोड आलेले तर दर थंडीत येतात.

समजावल्यानंतर आबांनी गोळी सुरू केली. महिन्याने आले तेव्हा दोन्ही चपला पायांत होत्या. एकीला मागून पट्टा शिवून घेतला होता. "झोप लागती," ते म्हणाले. "आग हाय, पर लांब गेलीया. शेजारच्या शिवारात पाचट पेटल्यागत." मी त्यांना खुर्चीवर बसवून पाय स्टुलावर घ्यायला सांगितलं. उजव्या पायाच्या चौथ्या आणि पाचव्या बोटांच्या बेचक्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता, भोवती पिवळा पू. त्यांना विचारलं, कधी लागला. त्यांनी वाकून बघितलं आणि बायकोकडे बघितलं. काटा काढला, जखम धुतली, पट्टी बांधली. तेवढा सगळा वेळ ते मला उसाच्या बिलाबद्दल सांगत होते, आणि पाय एकदाही मागे घेतला नाही. पावलांचं प्रकरण त्या काट्यापासून सुरू होतं.